हात मोकळे, लक्ष गुंतलेलं

प्रश्न : माझा नवरा रोज जाऊन-येऊन दीड तास गाडी चालवतो. त्यातला बराचसा वेळ ऑफिसच्या कॉलवर जातो. फोन स्टँडवर असतो, आवाज गाडीच्या स्पीकरवर. मेसेज आला तर सिग्नलला गाडी थांबल्यावर वाचतो. आमची मुलगी सध्या गाडी शिकते आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, मला फोनला हात लावू नको म्हणता, मग तुम्ही?" तो म्हणाला, "मी हात लावतच नाही. आणि हा कायदाच मुळात चुकीचा आहे. शेजारच्याशी बोललेलं चालतं, रेडिओ चालतो, खाल्लेलं चालतं, मग फोनच गुन्हा का? अपघात केला तर शिक्षा करा, फोनसाठी कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. असा कायदा हवा की नको? आणि आम्ही घरात नेमकं काय ठरवावं? संध्याकाळी "कुठवर आलास?" म्हणून त्याला फोन करणारी मीच असते, हेही कबूल करते.

उत्तर : कायदा हवाच, आणि तो नीट राबवलाही जायला हवा. यजमानांच्या बोलण्यात एक मुद्दा मात्र खरा आहे. बहुतेक ठिकाणचा कायदा हातातल्या फोनपाशी थांबतो, पण धोका तिथे थांबत नाही. त्यावरून ते कायदाच नको म्हणतात. आम्ही त्याच मुद्द्यावरून उलट सांगू, की घरातला नियम कायद्याच्या एक पाऊल पुढे हवा.

आधी गणित पाहू. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. समोर काही आडवं आलं तर ते दिसून, कळून पाय ब्रेकवर जायला सावध चालकालाही सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर ती आणखी २० मीटर घेऊन थांबते. एकूण ४५ मीटर. आता लक्ष फोनवरच्या बोलण्यात आहे म्हणून पाय ब्रेकवर जायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला असं धरा. अर्ध्या सेकंदात आठ मीटर जास्त जातात, आणि ते ब्रेक लावण्याच्या अंतरातून वजा होतात. परिणामी ४५ मीटरवर, जिथे गाडी आधी उभी राहिली असती, तिथे आता ती ताशी ३९ किलोमीटरच्या वेगात असते. तिथे कोणी रस्ता ओलांडत असेल तर गाडी त्याच्या अलीकडे थांबणं आणि या वेगाने त्याला धडकणं, यांत अंतर त्या अर्ध्या सेकंदाचं आहे.

हा आकडा यजमानांना कागदावर मांडून दाखवा. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

नजर फोनवर गेली तर हिशेब आणखी बिघडतो. व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने खऱ्या मालट्रकांत कॅमेरे बसवून चालकांचं निरीक्षण केलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. मेसेज लिहिणाऱ्या चालकांची नजर सहा सेकंदांच्या तुकड्यात सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ६० च्या वेगाने ४.६ सेकंद म्हणजे ७५ मीटरहून जास्त अंतर, न बघता. अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याची शक्यता अशा वेळी २३ पट आढळली.

इथपर्यंत यजमानांचं काही म्हणणं नसावं, कारण ते चालत्या गाडीत मेसेज वाचत नाहीत. त्यांचा भरवसा आहे तो मोकळ्या हातांवर.

कॅनडातल्या टोरांटोमधले संशोधक डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये, गाडी ठोकलेल्या आणि मोबाइल बाळगणाऱ्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली. अपघाताच्या आधीची दहा मिनिटं आणि त्याच चालकाची आदल्या दिवशीची तीच वेळ, अशी तुलना केली. फोन वापरताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणारा संच, म्हणजे हँड्स-फ्री, वापरल्याने काही बचाव झाल्याचं दिसलं नाही. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही आकडा चारपटच आला आणि हँड्स-फ्रीचा फायदा तिथेही दिसला नाही.

याचं कारण डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या मागे आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या यंत्रावर, चालकांची नजर टिपली. हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर बरोबर जात होती. नंतर विचारलं तेव्हा मात्र तेच फलक त्यांना खूपच कमी ओळखता आले. बघितलं, पण नोंदलं गेलं नाही. आपण "माझं लक्ष होतं, तो अचानक आला" असं म्हणतो ना, त्यातला बराचसा "अचानक" असा तयार होतो. बोलणारा माणूस ऐकतो, अर्थ लावतो, उत्तर जुळवतो, आठवतो. ऑफिसच्या कॉलवर तर आकडे, तारखा, कोणाला काय आश्वासन दिलं, हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. आडवं येणारं मूल ओळखायलाही तेच डोकं लागतं, आणि दोन्ही कामं एकाच वेळी त्याच्याकडून होत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. खऱ्या गाड्यांत कॅमेरे लावून केलेल्या काही अभ्यासांत नुसत्या हँड्स-फ्री बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. फोन शोधणं, उचलणं, नंबर लावणं, लिहिणं यांनी तो प्रचंड वाढलेला दिसला. बोलणारे चालक बऱ्याचदा वेग कमी करतात आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवतात, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणून आम्ही दोन्ही एकाच मापाने मोजत नाही. मेसेज लिहिणं सगळ्यांत वाईट, हातात धरून बोलणं त्याखालोखाल, हँड्स-फ्री त्याहून कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. दीड तासाच्या प्रवासात वेळ घालवायला म्हणून तो धोका घ्यावा, इतका लहान तर तो नाहीच.

आता शेजारच्या माणसाचा मुद्दा. हा आक्षेप चांगला आहे आणि त्याची तपासणीही झालेली आहे. युटाच्याच गटाने २००८ मध्ये चालकांना सिम्युलेटरमधल्या महामार्गावरून ठरलेल्या ठिकाणी बाहेर पडायला सांगितलं. काही जण शेजारच्या मित्राशी बोलत होते, काही फोनवर. फोनवर बोलणाऱ्यांतले जवळपास निम्मे ते वळण चुकले. शेजारी मित्र असलेल्यांपैकी फार थोडे चुकले, कारण मित्रालाही रस्ता दिसत होता. गर्दी वाढली की तो बोलणं थांबवतो, "पुढे ब्रेक मारतोय बघ" म्हणतो, वळणाची आठवण करतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. इकडे चौक आला तरी तिकडे वाक्य चालूच राहतं, आणि मध्ये गप्प बसणं चालकाला उद्धटपणाचं वाटतं. रेडिओ उत्तर मागत नाही, म्हणून तो नकळत मागे पडतो आणि आपण रस्त्याकडे वळतो. खाण्यापिण्यानेही लक्ष जातं, आणि त्यामुळे गाडी वेडीवाकडी गेली तर निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतोच. फोनचं वेगळेपण हे की तो स्वतःहून हाक मारतो. कधी, ते आधी कळत नाही, आणि रस्ता मोकळा होण्याची वाट तो बघत नाही.

"अपघात केला तरच शिक्षा करा" हे मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण त्याने कोणाला उडवेपर्यंत मोकळं सोडत नाही. स्ट्रेयर यांच्या गटाने २००६ मध्ये ही तुलनाच केली. ४० चालक, सिम्युलेटर, रक्तात ०.०८ टक्के मद्य एकदा आणि फोनवर बोलणं एकदा. मद्य घेतल्यावर ते आक्रमक झाले, पुढच्या गाडीला चिकटून चालले, ब्रेक जोरात मारू लागले. फोनवर असताना ब्रेक उशिरा लागत होता. पुढच्या गाडीवर मागून आदळण्याच्या तीन घटना घडल्या, आणि तिन्ही वेळा चालक फोनवर होता.

शिवाय फोनवर बोलत सुखरूप घरी आलेला प्रत्येक प्रवास चालकाला चुकीचा धडा शिकवतो. "दहा वर्षं बोलतोय, काही झालं नाही." ज्या क्षणी काही व्हायचं असतं, त्या क्षणी समोर कोणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. एका वेळी अनेक कामं झेपतात असा ज्यांना स्वतःबद्दल भरवसा असतो, तेच चाचणीत बहुधा कमी पडतात, हेही २०१३ मध्ये युटा विद्यापीठातूनच पुढे आलं. खरोखर दोन्ही कामं न बिघडता करू शकणारे लोक २०० जणांच्या एका चाचणीत जेमतेम अडीच टक्के निघाले. आपण त्या अडीच टक्क्यांत आहोत असं मानून गाडी चालवायची, आणि चुकीची किंमत पायी चालणाऱ्याने मोजायची, हा व्यवहार न्याय्य नाही. म्हणून शिक्षा अपघाताआधी हवी.

कायदा करून उपयोग होतो का, हे त्यापुढचं. इथे गोष्टी थोड्या गुंतागुंतीच्या आहेत. न्यूयॉर्क हे हातातल्या फोनवर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य, २००१ मध्ये. बंदीनंतर फोन हातात धरणारे कमी झाले, पण अमेरिकेतल्या विमा दाव्यांच्या एका तपासणीत अपघातांचे दावे बंदीनंतर घटलेले दिसले नाहीत. मेसेजबंदीनंतर तर काही राज्यांत ते किंचित वाढले. एक शक्यता अशी, की पकडलं जाऊ नये म्हणून लोक फोन मांडीवर धरू लागले आणि नजर आणखी खाली गेली. कायदा कागदावर असला आणि रस्त्यावर दिसला नाही की असं होतं. उलट २०१० आणि २०११ मध्ये हार्टफर्ड आणि सिरॅक्यूज या अमेरिकेतल्या दोन शहरांत पोलिसांनी ठराविक दिवस जाहीरपणे, सातत्याने चलनं फाडली. हातातल्या फोनचा वापर हार्टफर्डमध्ये ५७ टक्क्यांनी आणि सिरॅक्यूजमध्ये ३२ टक्क्यांनी घटला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०२० पासून वरून गाडीच्या आत बघणारे कॅमेरे लावून दंड सुरू केला. पकडलं जाण्याची खात्री वाटली की माणूस फोन खाली ठेवतो. दंडाची रक्कम नंतरची गोष्ट.

कायद्याचे शब्दही महत्त्वाचे असतात. ब्रिटनने डिसेंबर २००३ मध्ये हातातल्या फोनवर बंदी आणली, पण ती संवाद साधण्यापुरती लिहिली होती. गाडी चालवता चालवता फोनवर व्हिडिओ टिपणारा एक चालक २०१९ मध्ये उच्च न्यायालयात त्याच पळवाटेने सुटला. मार्च २०२२ मध्ये नियम बदलला. आता फोन हातात धरून कशासाठीही वापरणं गुन्हा आहे. सिग्नलला थांबलेलं असतानाही. अपवाद मोजके आहेत. थांबणं शक्य किंवा सुरक्षित नसताना तातडीच्या मदतीला फोन लावणं हा त्यातला मुख्य. तो अपवाद ठेवणं योग्यच आहे. टोरांटोच्या त्या अभ्यासातल्या ३९ टक्के चालकांनी ठोकर झाल्यावर मदत बोलावली ती त्याच फोनवरून.

हँड्स-फ्रीवरही सर्वांना बंदी हवी का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये तशी शिफारस केली. तत्त्व म्हणून आम्हाला ती मान्य आहे. पण स्पीकरवर बोलणारा बाहेरून गाणं म्हणणाऱ्यासारखाच दिसतो, आणि जे सिद्ध करता येत नाही त्यावर कायदा केला तर सगळ्या कायद्याचीच भीती जाते. म्हणून सध्या आमचं मत असं : हातातला फोन सर्वांना पूर्ण बंद, गाडी थांबलेली असली तरी. नवशिके आणि प्रवासी वाहनांचे चालक यांना हँड्स-फ्रीही बंद. नवशिक्यांसाठी असा नियम अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहेच. यजमानांना आणखी एक सांगा. हँड्स-फ्री कायदेशीर आहे म्हणजे ते कवच आहे असं नाही. अपघात झाला की फोनच्या नोंदी काढल्या जातात. त्या वेळी कॉल चालू होता हे त्यात दिसतं, आणि लक्ष नव्हतं असा ठपका लावायला तो पुरावा होऊ शकतो.

आता तुमच्या घराकडे येऊ.

सिग्नलला मेसेज वाचणं आधी बंद करा. स्ट्रेयर यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं की आवाजी आज्ञांसारखं डोकं खाणारं काम संपल्यावरही लक्ष पूर्ण रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. दिवा हिरवा झाल्यावरचे पहिले काही सेकंद सगळ्यांत नाजूक. कोणी धावत उरलेला रस्ता ओलांडत असतं, शेजारून दुचाकी सरकत असते. आणि त्याच वेळी चालकाच्या डोक्यात नुकताच वाचलेला मेसेज घोळत असतो.

फोनची तयारी गाडी सुरू करण्याआधी, दोन मिनिटांत होते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग, आणि ते गाडीचं ब्लूटूथ जोडलं की आपोआप सुरू होईल असं ठेवा. त्यातच "गाडी चालवतोय, पोचल्यावर फोन करतो" असं उत्तर आपोआप जाईल अशी सोय आहे. इथे लोक एक चूक करतात. फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असेल तर ही सोय मेसेज थांबवते, पण कॉल येऊ देते. कॉलही थांबवायचे असतील तर गाडीच्या ब्लूटूथमध्ये फोन-कॉलचा पर्याय बंद करून फक्त आवाजाचा पर्याय ठेवा. मग नकाशाचा आवाज येईल, पण कॉल गाडीच्या स्पीकरवर येणार नाही. अँड्रॉइडवर नावं फोननुसार बदलतात. सेटिंग्जच्या शोधात "ड्रायव्हिंग" टाकून पाहा. काही नाही सापडलं तर साधं "डू नॉट डिस्टर्ब" लावा. तेही पुरतं.

ठिकाण निघण्याआधी टाका आणि नकाशाचा आवाज चालू ठेवा. वळण चुकलं तर फोनला हात लावायचा नाही. सरळ पुढे जायचं, नकाशा स्वतः नवा रस्ता काढतो. स्टँड हात न ताणता पोचेल इतका जवळ, पण काचेच्या मध्यावर नको आणि एअरबॅगच्या झाकणावर किंवा समोर तर मुळीच नको. एअरबॅग फुटली तर फोन थेट तोंडावर येतो. नकाशा लागत नसेल त्या दिवशी फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत टाका. हाताशी नसलेल्या फोनचा मोह निम्मा तिथेच संपतो. गाडीतल्या मोठ्या टच-स्क्रीनलाही हाच नियम लावा. कायदा तिला बऱ्याचदा फोन म्हणत नाही, पण यादीतून गाणं शोधताना नजर तितकीच खाली जाते.

ऑफिसचे कॉल हा खरा अवघड भाग, कारण त्यात एकट्या यजमानांची इच्छा पुरत नाही. त्यांनी कॅलेंडरवर दोन्ही वेळचे पाऊण-पाऊण तास "प्रवास" म्हणून अडवून टाकावेत आणि वरिष्ठांना एकदाच लेखी कळवावं की या वेळात कॉल घेणार नाही, निघण्याआधी आणि पोचल्यावर दहा-दहा मिनिटं उपलब्ध असेन. एखादी बैठक टळतच नसेल तर उशिरा निघावं, किंवा वाटेत गाडी नीट उभी करून घ्यावी. नीट म्हणजे रस्त्याच्या पूर्ण बाहेर, वळण किंवा चढाच्या पलीकडे नाही, हँडब्रेक ओढलेला. महामार्गाची कडा ही बिघाडासाठी असते, कॉलसाठी नाही.

मुलीसाठी नियम एकच : गाडीत फोन बंद, हँड्स-फ्रीसुद्धा नाही, किमान पहिलं वर्षभर. नवशिक्याला आरसे, गिअर, पुढचं अंतर हे सगळं अजून विचार करून करावं लागतं, त्यामुळे डोक्यात रिकामी जागा उरतच नाही. तिला हे पटवायला गाडी लागत नाही. पत्त्यांचे ५२ पत्ते तिला लाल-काळे वेगळे करायला द्या, वेळ आणि चुका लिहा. मग ती तेच करत असताना दुसऱ्या खोलीतून तिला फोन लावून "३०० मधून सात-सात वजा करत ये" म्हणा. नंतर हाच प्रयोग यजमानांवर करा, आणि तिला वेळ मोजू द्या. पत्ते चालकासाठी थांबतात, रस्ता थांबत नाही, एवढा फरक मात्र बोलून दाखवा.

आणि तुमचा संध्याकाळचा फोन. त्यांनी निघताना लाइव्ह लोकेशन तासाभरासाठी तुम्हाला पाठवावं, म्हणजे "कुठवर आलास" विचारावंच लागणार नाही. खरंच तातडी असेल तर लागोपाठ दोनदा रिंग द्यायची, आणि तसं झालं की त्यांनी बोलत न राहता पहिल्या सुरक्षित जागी थांबून परत फोन करायचा, असं ठरवा. बऱ्याच फोनमध्ये तीन मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल "डू नॉट डिस्टर्ब" असतानाही वाजू देण्याची सोय असते. ती चालू आहे का, आणि ब्लूटूथमधला बदल केल्यावर ती रिंग गाडीत ऐकू येते का, हे आज गाडी उभी असतानाच एकदा करून बघा.